रेणू ऐकणारा रेडिओ



गटाच्या बैठकांमध्ये एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "डॉक्टर म्हणतात, कल्याणला जाऊन एमआरआय काढून आणा. पण त्यात करतात तरी काय? आणि मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, पिना, सगळं का उतरवायला लावतात?" शहापूर, मुरबाडकडच्या बायकांना कंबर धरली, मान धरली की कल्याणला नाहीतर ठाण्याला जावंच लागतं. तिथे त्या बोगद्यात झोपवतात, अर्धा तास ठकठक, खडखड चालते, आणि बाहेर आल्यावर कुणी काही समजावून सांगत नाही. म्हणून आजच्या भागात त्या यंत्राची गोष्ट सांगायची आम्ही ठरवलं. ती सांगताना आपल्या घरातल्या एका जुन्या दुखण्यापर्यंत जावं लागेल, म्हणजे आवेपर्यंत. कसं ते पुढे कळेलच.

आधी दागिन्यांचं बघू. तो बोगदा म्हणजे एक प्रचंड चुंबक असतो. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या ज्या चुंबकत्वाने फिरते, त्याच्या तीस-पस्तीस हजार पट त्याचा जोर असतो. ठकठक थांबली तरी चुंबक चालूच असतो. त्याची तारेची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते, शून्याखाली 269 अंश इतक्या थंडीत, आणि त्या थंडीत वीज अडथळ्याशिवाय फिरत राहते. लोखंडाची पिन खिशात राहिली तर ती गोळीसारखी सुटते. सोनं ओढलं जात नाही, पण तापू शकतं, चित्र बिघडवतं, आणि दागिन्यात दुसरा धातू किती ते कुणी सांगावं! हृदयाला बसवलेलं यंत्र, हाडातला रॉड, तांबी, काहीही शरीरात असेल तर आत जाण्याआधी सांगायचंच. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एक, यात एक्स-रेचे किरण नसतात. ती भीती मनातून काढा.

मग चित्र येतं कशातून? रेडिओच्या लहरींतून. हो, ज्या लहरींवरून आम्ही आत्ता तुमच्याशी बोलतोय, त्याच जातीच्या.

आपल्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू. त्या अणूचा गाभा म्हणजे इवलासा चुंबक, आणि तो भोवऱ्यासारखा फिरतो. भोवरा मंदावायला लागला की कसा डुलत डुलत गोल घेतो, तसा हा गाभा मोठ्या चुंबकात डुलतो. किती वेगाने? आपल्याकडच्या नेहमीच्या एमआरआय यंत्रात सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा. रेडिओच्या भाषेत 64 मेगाहर्ट्झ. तुमच्या रेडिओवरचा एफएमचा काटा 88 ते 108 मध्ये फिरतो, म्हणजे हे स्टेशन त्याच्या थोडं अलीकडचं. यंत्र नेमक्या त्याच आकड्याची लहर सोडतं, गाभे ती उचलतात, लहर थांबली की हळूच परत देतात, आणि यंत्र कान लावून ती ऐकतं. कुठून किती आवाज आला यावरून चित्र तयार होतं. आपल्याला ऐकू येते ती ठकठक वेगळी. चित्रासाठी जागा ओळखता यावी म्हणून आत आणखी काही गुंडाळ्या असतात, त्यांतली वीज भराभर बदलते तेव्हा त्या थरथरतात, त्याचा तो आवाज.

ही युक्ती सापडली 1946 साली, अमेरिकेत, एकाच वेळी दोन ठिकाणी. हार्वर्डला एडवर्ड पर्सेल, स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक. दोघंही युद्धाच्या काळात रडारशी संबंधित कामात होते, तेव्हा रेडिओच्या लहरी त्यांच्या हातात खेळत होत्या. पर्सेल यांनी चुंबकात पॅराफिन मेण ठेवलं, ब्लॉक यांनी साधं पाणी. मेण आणि पाणी! 1952 साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. माणसाच्या आजाराचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. गाभ्याच्या चुंबकाचा आकडा अचूक मोजायचा, एवढंच चाललं होतं.

पण मोजताना एक भानगड निघाली. एकाच अणूचा आकडा वेगवेगळ्या पदार्थांत किंचित वेगळा यायला लागला. मोजणाऱ्यांना ती कटकट वाटली. त्याच काळात ब्लॉक यांच्या प्रयोगशाळेत एस. एस. धर्माट्टी नावाचे भारतीय शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी आणि आर्नल्ड, पॅकार्ड या दोन सहकाऱ्यांनी 1951 साली एक छोटा लेख छापला. त्यांनी यंत्रात घातलं होतं अल्कोहोल. (हो, तेच, ज्याच्या भट्ट्या बंद करायला आपल्या बायका काठ्या घेऊन निघतात. विज्ञानात तरी ते कामाला आलं.) अल्कोहोलच्या एका रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. एका घोळक्यात तीन, दुसऱ्यात दोन, आणि एक एकटा. यंत्रातून तीन वेगळे उंचवटे निघाले, आणि त्यांचं माप तीनास दोनास एक असं भरलं.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही खरी कलाटणी. शेजारी कोण बसलंय त्यावर अणूचा सूर बदलतो. म्हणजे सूर ऐकून शेजार ओळखता येतो, आणि सगळे शेजार जुळवले की रेणूची बांधणी कळते. रेणू फोडायचा नाही, जाळायचा नाही, नुसता ऐकायचा.

धर्माट्टी परदेशात राहिले नाहीत. होमी भाभांनी 1945 साली सुरू केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते आले आणि 1950 च्या दशकात मुंबईत त्यांनी या विद्येचा पाया घातला. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती, कुलाब्याची समुद्राकाठची मोठी इमारत 1962 ची. आसनगावहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून बसने नेव्हीनगर, एवढ्या अंतरावर हे घडत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

पुढचा टप्पा सजीवांच्या रेणूंचा. प्रथिनं म्हणजे डाळीतलं, अंड्यातलं, आपल्या रक्तातलं सत्त्व. प्रथिन ही एक लांब माळ असते, शंभर-दोनशे मण्यांची, कधी हजारांची. पण माळ सरळ राहिली तर तिचा उपयोग नाही. ती ठरलेल्या घडीत दुमडते तेव्हाच काम करते. घडी मोडली की काम संपलं. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, ते परत पातळ करता येत नाही, कारण आतल्या प्रथिनांच्या घड्या मोडून ती एकमेकांत गुंतली. भातखाचरात आपण टाकतो तो युरिया, शुद्ध स्वरूपात, शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत प्रथिनाची घडी उलगडायला वापरतात. किती युरियाला घडी सुटते यावरून ती किती पक्की होती ते कळतं.

अल्कोहोलचे सहा अणू ऐकणं सोपं. प्रथिनात हायड्रोजनच हजारभर, सगळे एकदम बोलणार. जत्रेत माईक धरल्यासारखं! 1957 साली पहिल्यांदा एका प्रथिनाचा असा आवाज टिपला गेला, पण त्यातून एकेक सूर वेगळा करायला पंचवीसेक वर्षं गेली. स्वित्झर्लंडमध्ये रिचर्ड अर्न्स्ट आणि कुर्ट वुथरिक यांनी त्याच्या पद्धती बसवल्या. दोघांनाही नोबेल मिळालं, अर्न्स्टना 1991 साली, वुथरिकना 2002 साली. मुंबईत हे काम गिरिजेश गोविल यांनी वाढवलं. 1980 च्या दशकात तिथे 500 मेगाहर्ट्झचं यंत्र आलं आणि त्याभोवती साऱ्या देशासाठी राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. रामकृष्ण होसूर, के. व्ही. आर. चारी ही त्याच परंपरेतली नावं. होसूर यांच्या गटाने 2003 साली एचआयव्हीच्या विषाणूतल्या एका प्रथिनावरचं काम प्रसिद्ध केलं. हे प्रथिन विषाणूची कात्री असते आणि एचआयव्हीवरची काही औषधं तीच कात्री जाम करतात. उलगडलेली माळ पुन्हा दुमडायला लागते तेव्हा सुरुवात कुठल्या भागांपासून होते, ते त्यांनी शोधलं.

आणि आता आव. मुरडा, रक्ती आव, आपल्या घरांत काय काय नावं आहेत! तिचा एक जंतू म्हणजे एंटामिबा हिस्टोलिटिका नावाचा अमिबा. 1875 साली रशियात लोश नावाच्या डॉक्टरने तो पाहिला. 1912 साली कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी त्यावर एमेटिनचं इंजेक्शन वापरात आणलं. 1960 च्या दशकापासून मेट्रोनिडाझोलची गोळी आली, जी आजही आपल्या आरोग्य केंद्रात मिळते.

या अमिबात कॅल्शियम धरणारं एक प्रथिन आहे, 134 मण्यांचं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आलोक भट्टाचार्य यांचा गट त्यावर काम करत होता. ते प्रथिन कमी केलं की अमिबाची वाढ मंदावते आणि त्याची रक्तपेशी गिळण्याची ताकद घटते, असं पुढे दिसलं. कुलाब्याच्या गटाने त्यांच्याबरोबर मिळून या प्रथिनाची पूर्ण घडी ऐकून काढली. 2001 साली अत्रेय, साहू, भट्टाचार्य, चारी आणि गोविल यांच्या नावाने ती छापून आली. दोन गोळे आणि त्यांना जोडणारा आठ मण्यांचा लवचिक दोरा, असा त्याचा आकार. प्रत्येक गोळ्यात कॅल्शियम बसायला दोन जागा.

आपल्या अंगातही अशाच वळणाचं एक प्रथिन असतं, कॅल्मोड्युलिन नावाचं. वळण सारखं, पण हुबेहूब नाही. फरक कुठे आहे ते माहीत असल्याशिवाय अमिबाला लागेल आणि आपल्याला लागणार नाही असं औषध आखताच येत नाही. ते औषध मात्र अजून आलेलं नाही. या आकारावर बेतलेली गोळी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या हातात पडलेली नाही. आव गरिबांच्या घरात जास्त होते, आणि गरिबांच्या दुखण्यावर नवी औषधं काढायला कंपन्या धावत नाहीत, असं आम्हाला वाटतं.

या पद्धतीत प्रथिन पाण्यातच ठेवून ऐकतात. बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात अर्धा मिलिलिटर पाणी, त्यातला थोडा भाग जड पाण्याचा. आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईच्या नळाला येणारं बरंचसं पाणी आपल्या शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. टँकरचं पाणी विहिरीत ओततात, विहिरीतून हंड्यात, आणि अमिबाला आत यायला तेवढी वाट पुरते. त्याचा आकार कळला, त्याची वाट तर आपल्याला कधीपासून माहीत आहे.

तो शरीराबाहेर कवचात राहतो. पिण्याच्या पाण्यात नेहमी टाकतो तेवढ्या क्लोरीनने ते कवच हमखास मरत नाही. उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट पाणी उकळू दिलं की मरतं. आणि शौचातून रक्त पडत असेल तर घरात राहिलेल्या गोळ्या अंदाजाने घेऊ नका. प्रत्येक रक्ती आव अमिबाचीच नसते, बऱ्याचदा दुसरे जंतू असतात. तपासून, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस औषध पूर्ण घ्या.

सरपण आणि गॅस परवडत नसताना रोज पाणी कसं उकळायचं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. काही गटांनी त्यावर वाटा काढल्या आहेत. पुढच्या भागात त्यांनाच बोलवतोय.