शुक्रवारची वही



2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आमच्या गावात घुसली. पाणी ओसरल्यावर आम्ही गटातल्या बायकांनी गाळ उपसला, भिंती खरवडल्या, पंचनाम्याचे कागद भरले. गटाच्या कर्जाचे हप्तेही पुढे ढकलून घेतले. मुलांकडे आमचं लक्ष गेलं ते दिवाळीनंतर. पत्र्यावर पावसाचे चार थेंब वाजले की एक मुलगा रात्री उठून बसायचा. एक मुलगी नदीच्या वाटेने जायचीच नाही. जाणत्या बायका म्हणाल्या, "पोरं विसरत्यात. तुम्ही आठवण काढू नका." आम्हालाही ते पटलं होतं.

तरी आम्ही वह्या आणल्या, मुलांना समाजमंदिरात बसवलं आणि विषय दिला, 'महापूर'. सगळ्यांनी लिहिलं, "महापूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे." पुढे उपाययोजना, शेवटी सुविचार. त्या निबंधांत पूर होता, पण ज्या मुलांनी तो सोसला ती कुठेच नव्हती. चूक मुलांची नव्हती, आमच्या विषयाची होती.

मग आम्ही शोधायला लागलो की असं मोठं संकट आल्यावर जगात कुणी मुलांना लिहितं केलं होतं का. बी.ए.ला दुसरं महायुद्ध आम्ही परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्यात टेरेझिनचं नाव आलं नव्हतं. आज त्याच गावाची गोष्ट सांगतो.

टेरेझिन हे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं तटबंदीचं गाव, प्राग शहराच्या उत्तरेला. हिटलरच्या नाझी फौजांनी तो देश ताब्यात घेतला आणि 1941 च्या नोव्हेंबरपासून या गावात ज्यू लोकांना कोंडायला सुरुवात केली. सुमारे 1 लाख 40 हजार माणसं तिथे आणली गेली. त्यातली 33 हजारांच्या आसपास उपासमारीने आणि रोगराईने तिथेच गेली. 88 हजारांच्या आसपास माणसांना आगगाडीने पूर्वेकडे नेलं. त्यातले बहुतेक परत आले नाहीत.

बरीचशी मुलं आईबापांपासून वेगळी, मुलामुलींच्या वेगवेगळ्या खोल्यांत राहायची. शाळा भरवायला बंदी होती. तरी मोठी माणसं चोरून शिकवायची आणि एक जण दाराशी पहारा द्यायचा. एका जुन्या शाळेच्या इमारतीत पहिल्या नंबरच्या खोलीत तेरा ते पंधरा वर्षांची चाळीसेक मुलं तीन मजली फळ्यांवर झोपायची. त्यांची जबाबदारी वाल्टर आयसिंगर या तिशीच्या आतल्या शिक्षकावर होती. तो मुलांबरोबर त्याच खोलीत राहायला आला.

त्या खोलीत मुलांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं. नाव 'वेदेम', म्हणजे 'आम्ही पुढे चाललो आहोत'. पहिला अंक 18 डिसेंबर 1942 चा. अंकाची एकच प्रत निघायची. सुरुवातीला टंकयंत्र होतं. त्याची शाई संपल्यावर मुलं हाताने लिहू लागली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमायचे आणि ज्याने जे लिहिलं ते तो वाचून दाखवायचा.

संपादक होता चौदा वर्षांचा पेत्र गिंझ. घरून खाऊचं पुडकं आलं की तो त्यातला घास देऊन मित्रांकडून लेख मिळवायचा. कुणीच लिहिलं नाही तर वेगवेगळ्या टोपणनावांनी स्वतःच पानं भरायचा. त्याने 'टेरेझिनची भटकंती' अशी लेखमाला चालवली. भटारखाना, बाळंतिणींची खोली, अग्निशमन केंद्र, अगदी प्रेतं जाळण्याची जागासुद्धा तो पाहून यायचा, तिथल्या माणसांना प्रश्न विचारायचा आणि लिहायचा. वहीत कविता होत्या, एकमेकांची थट्टा होती, भांडणं होती, घरची आठवण होती. रडगाणंच लिहा असं कुणी सांगितलं नव्हतं आणि हसू नका असंही नाही.

त्याच गावात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची एक चित्रकार बाई कोंडलेली होती. ती मुलांना, विशेषतः मुलींना, चित्रं काढायला शिकवायची. कागद मिळत नसे, मग सरकारी छापील कागदांची मागची बाजू वापरायची. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घातलंच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. कारण नाझींनी या मुलांना नुसता नंबर करून टाकलं होतं.

1944 च्या शरदात आगगाड्या पुन्हा भरू लागल्या. पेत्रला 28 सप्टेंबरला ऑशविट्झच्या छावणीकडे नेलं. तिथे तो मारला गेला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. फ्रीडलबाईंना ऑक्टोबरमध्ये नेलं, त्याही परतल्या नाहीत. जाण्याआधी त्यांनी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन पेट्यांत भरून लपवली होती. आयसिंगर गुरुजीही गेले. पहिल्या नंबरच्या खोलीतून सगळी मिळून शंभरेक मुलं गेली, वाचली पंधराच्या आसपास. त्यातल्या झ्देनेक टाउसिग या मुलाने 'वेदेम'ची सुमारे आठशे पानं लोहारकामाच्या जागेत लपवून ठेवली आणि 1945 मध्ये प्रागला आणली. पेट्यांतली चित्रंही वाचली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

पेत्रने टेरेझिनच्या भिंतीआड बसून चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं चित्र काढलं होतं. 2003 मध्ये इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन यांनी त्याची प्रत कोलंबिया यानातून अंतराळात नेली. याच यानात आपली करनालची कल्पना चावला होती. 1 फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं आणि सातही जण गेले. तो दिवस पेत्रचा 75 वा जन्मदिवस होता.

मैत्रिणींनो, वहीमुळे त्या मुलांचे जीव वाचले नाहीत. तसं आम्ही म्हणणार नाही. पण जितके दिवस ती जगली, तितके दिवस त्यांना शुक्रवारची वाट पाहायला कारण होतं आणि आपलं ऐकणारं माणूस होतं.

हे वाचून आम्ही विषय बदलला. 'महापूर' सोडून विचारलं, "तुमच्या घरातली एक वस्तू किंवा एक जनावर सांगा, जे आता नाही." नदीच्या वाटेने न जाणाऱ्या मुलीने तिच्या म्हशीला पत्र लिहिलं. पाणी चढताना तिने म्हशीचं दावं सोडायला बघितलं होतं, पण ओल्या गाठीला हात पुरला नाही आणि माणसांनी तिला ओढून नावेत घातलं. म्हैस आपल्यामुळे गेली, हे तिच्या मनात चार महिने होतं. तिच्या आईनेही ते पहिल्यांदाच ऐकलं. आई म्हणाली, "अगं, दावं तुझ्या बापानं मागनं कोयत्यानं तोडलं होतं. म्हस पवत गेली. तू इच्चारलं न्हाईस, आम्ही सांगितलं न्हाई." ती दोघी मग बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. म्हैस परत आली नाही, पण पोरीचा तो भार उतरला.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. आठवड्याचा वार आणि वेळ ठरलेली. शुद्धलेखन तपासायचं नाही, नंबर काढायचे नाहीत. स्वतःचं नाव घालायचं की टोपणनाव, हे मुलाने ठरवायचं. वाचून दाखवायची सक्ती नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं किंवा सांगावं, आपण लिहून घ्यावं. आपणही एक पान लिहायचं. आणि मुलाची वही त्याला न विचारता कुणाला दाखवायची नाही, बातमीसाठी तर नाहीच.

वही म्हणजे औषध नव्हे. मूल महिनाभर नीट जेवत-झोपत नसेल, स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन लावता येतो, त्याला पैसे पडत नाहीत.

गटाच्या पेटीत आपण हिशेबाची वही जपतो. तिच्याशेजारी मुलांची एक वही ठेवायला फार जागा लागत नाही. येत्या बैठकीत हा विषय घ्या.