वेगवान चढाई आणि मधल्या फळीची साथ : हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघाचा ऐतिहासिक अभ्यास (१९२५-१९३४)

प्रस्तावना

फुटबॉलच्या इतिहासात गोल करणाऱ्या खेळाडूला जे स्थान मिळते, ते गोलाची पूर्वतयारी करणाऱ्याला क्वचितच मिळते. वेगवान चढाईत प्रेक्षकांची नजर धावणाऱ्या विंगरवर खिळलेली असते. त्याच्यापर्यंत योग्य क्षणी चेंडू पोहोचविणारा मधल्या फळीतील खेळाडू मात्र उपेक्षित राहतो. असा खेळाडू केवळ उपजत गुणांवर तयार होत नाही, त्याला घडवावे लागते. या दृष्टीने लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन (१८७८-१९३४) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. वेगवान चढाईसाठी सर्वांनी पुढे धावण्यापेक्षा एका कुशल खेळाडूने मागे थांबणे अधिक उपयुक्त ठरते, हे त्यांनी कसे दाखवून दिले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

नियमबदलाची पार्श्वभूमी

१९२५ पूर्वीच्या ऑफसाइड नियमानुसार, चेंडू पुढे खेळला जात असताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आणण्यात आली. परिणामी इंग्लंडच्या प्रथम विभागातील गोलसंख्या १९२४-२५ मधील १,१९२ वरून पुढील हंगामात १,७०३ वर गेली. दोन बचावपटू, तीन हाफ आणि पाच आक्रमक अशी जुनी रचना या बदलापुढे अपुरी पडू लागली.

चॅपमन यांनी १९२५ मध्येच आर्सेनलची सूत्रे स्वीकारली होती. ३ ऑक्टोबर १९२५ रोजी न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा पराभव केला. त्यानंतर ज्येष्ठ खेळाडू चार्ली बकन यांच्या आग्रहावरून सेंटर हाफला दोन बचावपटूंच्या मध्ये मागे खेळविण्याचे ठरले. तथापि त्यामुळे मध्यभागी पोकळी निर्माण होणार होती. ती भरून काढण्यासाठी एका इनसाइड फॉरवर्डला मागे आणणे क्रमप्राप्त झाले. हे काम अँडी नील यांच्याकडे सोपविण्यात आले. नील धावण्यात मंद होते. परंतु चेंडू ताब्यात घेऊन अचूक पास देण्याचे कसब त्यांच्याकडे होते. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमवर ४-० असा विजय मिळविला. चढाईला वेग देण्यासाठी एका मंदगती खेळाडूची निवड व्हावी, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

चॅपमन यांची भूमिका

सातत्याने चढाई करणारा संघ प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलसमोर गोळा करतो आणि स्वतःसाठी जागा शिल्लक ठेवत नाही, हे चॅपमन यांनी नॉर्दम्प्टन येथील आपल्या सुरुवातीच्या कारकिर्दीतच ओळखले होते. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यावे, चेंडू हिसकावून घ्यावा आणि त्याच्या पाठीमागे मोकळ्या राहिलेल्या जागेत दोन-तीन पासमध्ये पोहोचावे, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. या योजनेत बचाव आणि चढाई यांना जोडणारा खेळाडू हाच कळीचा घटक ठरतो.

अलेक्स जेम्स : गोल करणारा ते गोल घडविणारा

ही भूमिका पूर्णत्वास नेली ती स्कॉटलंडच्या अलेक्स जेम्स यांनी. मार्च १९२८ मध्ये वेम्बली येथे स्कॉटलंडने इंग्लंडचा ५-१ असा पराभव केला, त्यात जेम्स यांचे दोन गोल होते. प्रेस्टन क्लबकडूनही त्यांनी पन्नासहून अधिक गोल केले होते. १९२९ मध्ये ८,७५० पौंड मोजून चॅपमन यांनी त्यांना आर्सेनलमध्ये आणले आणि गोल करण्याऐवजी मागे राहून चेंडू पुरविण्यास सांगितले. हा बदल सहज पचणारा नव्हता. पहिल्या हंगामात जेम्स यांचा जम बसेना. काही काळ त्यांना संघाबाहेरही ठेवण्यात आले. लीगमध्ये आर्सेनल चौदाव्या स्थानावर राहिला. तरीही चॅपमन यांनी योजना सोडली नाही.

२६ एप्रिल १९३० रोजी एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात या संयमाचे फळ दिसले. जेम्स यांनी फ्री किक झटपट क्लिफ बास्टिनकडे खेळली, परतीचा पास घेतला आणि पहिला गोल केला. या चालीची चर्चा आधीच झालेली होती. दुसरा गोल जॅक लँबर्ट यांनी जेम्स यांच्याच लांब पासवर केला आणि आर्सेनलने हडर्सफील्डला २-० असे हरविले.

या पद्धतीत दोन्ही विंगर कडेला न थांबता गोलच्या दिशेने आत शिरत. त्यांच्या धावेचा अंदाज घेऊन जेम्स चेंडू मोकळ्या जागेत टाकीत. १९३२-३३ च्या लीग हंगामात बास्टिन आणि जो ह्यूम या दोन विंगरांनी अनुक्रमे ३३ व २० गोल केले. याउलट जेम्स यांच्या नावावर आर्सेनलच्या २६१ सामन्यांत अवघे २७ गोल आहेत. त्यांच्या कारकिर्दीत संघाने चार लीग विजेतेपदे आणि दोन चषक जिंकले, हे लक्षात घेता त्या २७ या आकड्यावरून त्यांचे मोल ठरविता येत नाही.

मर्यादा

चॅपमन यांचे अनुकरण अनेक क्लबांनी केले. परंतु बहुतेकांनी तिसरा बचावपटू तेवढा उचलला. जोडणारा खेळाडू घडविण्याचे कष्ट न घेतल्याने त्यांचा खेळ केवळ बचावात्मक झाला. चेंडू दीर्घकाळ प्रतिस्पर्ध्याकडे असूनही आर्सेनल जिंकत असे, म्हणून ‘नशीबवान आर्सेनल’ अशी त्याची हेटाळणीही झाली. ज्याला नशीब म्हटले गेले, ती वस्तुतः योजना होती.

निष्कर्ष

चॅपमन यांचे ६ जानेवारी १९३४ रोजी निधन झाले. त्यांची रचनाही पुढे कालबाह्य झाली. तथापि त्यांच्या कार्यातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, चढाईचा वेग पायांपेक्षा पासच्या वेळेवर अधिक अवलंबून असतो. दुसरी, मधल्या फळीची साथ म्हणजे विंगरच्या बरोबरीने धावणे नव्हे, तर तो धावू शकेल अशी परिस्थिती निर्माण करणे होय. तिसरी, यशस्वी खेळाडूला नवी भूमिका देताना त्याच्या अपयशाचा काळ सोसण्याची तयारी प्रशिक्षकाने ठेवली पाहिजे. धावफलकावर ज्याचे नाव येत नाही, त्याच्या कामाचे मोल आधी प्रशिक्षकाला पटावे लागते. तरच ते खेळाडूला पटते.