२७ मार्च नेमका कुणाचा?

आज २७ मार्च. म्यानमारमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या ब्रह्मदेशात, आज लष्कर दिन असतो. रणगाडे, संचलन, छातीभर पदकं लावलेले जनरल. २०२१ साली याच दिवशी राजधानीत संचलन चालू होतं आणि त्याच लष्करानं देशभरात रस्त्यावर उतरलेल्या शंभरहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या. एका दिवसात.

गंमत म्हणा की शोकांतिका, ही तारीख मुळात परक्या फौजेविरुद्धच्या उठावाची आहे. ती लष्कराच्या खिशात कशी गेली, ते आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. तिथला शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथंच वारला. १९३७ पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता. पण त्यांच्या बाजूनं बघा. रंगूनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती भारतीयांची, इरावतीच्या मुखाकडची बरीच भातशेती कर्जापायी चेट्टियार सावकारांच्या नावावर गेलेली. म्हणजे तिथल्या तरुणाला परकी सत्ता म्हटलं की गोरा साहेब आठवायचा, आणि त्याच्या मागून आलेले आपण पण.

अशा तरुणांचा पुढारी होता आंग सान. जन्म १९१५, रंगून विद्यापीठातला विद्यार्थी नेता. ही पोरं स्वतःच्या नावापुढं ‘थाकिन’ लावायची. थाकिन म्हणजे मालक. हा शब्द तोवर इंग्रज साहेबासाठी वापरला जायचा. आमच्या देशाचे मालक आम्ही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

१९४० मध्ये अटक होणार असं दिसल्यावर आंग सान जहाजातून लपून चीनच्या अमॉय बंदरात पोचला. बाहेरून कुणाची तरी मदत मिळवायची होती. गाठ पडली जपान्यांशी. त्यांचा कर्नल सुझुकी आधीच रंगूनमध्ये वार्ताहराचं सोंग घेऊन राहून गेला होता. (आमच्या धंद्याचं नाव असंही वापरलं गेलंय!) सुझुकीनं ब्रह्मी तरुण निवडून हैनान बेटावर लष्करी शिक्षण दिलं. इतिहासात ते ‘तीस सोबती’ म्हणून ओळखले जातात. त्यातलं एक नाव लक्षात ठेवा, ने विन. पुढं लागेल.

डिसेंबर १९४१ मध्ये बँकॉकला या पोरांनी दंडातलं रक्त एका भांड्यात काढून ते पिऊन शपथ घेतली. ‘बर्मा इंडिपेंडन्स आर्मी’ उभी राहिली आणि जपानी फौजेबरोबर मायदेशात शिरली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. इंग्रज पळाले. गावोगावी लोकांनी या सैन्याचं स्वागत केलं.

पण याच काळातली दोन पानं तिथं फारशी वाचली जात नाहीत. एक आपल्या माणसांचं. चार-पाच लाख भारतीय जीव मुठीत धरून आसाम-बंगालकडं निघाले, बरेचसे पायी. हजारो वाटेतच मेले, रोगानं आणि भुकेनं. दुसरं पान कारेन लोकांचं. ही डोंगरातली आणि इरावतीच्या मुखाकडची जमात, त्यांच्यातले बरेच ख्रिस्ती, इंग्रजांच्या सैन्यात भरती झालेले. नव्या स्वातंत्र्य सैन्यानं त्यांना शत्रूचे हस्तक ठरवलं आणि म्यौंगम्या भागात गावंच्या गावं जाळली, माणसं मारली. मुक्तीच्या पहिल्याच वर्षी आपल्याच देशवासीयांवर बंदूक चालली. ही खूण लक्षात ठेवा.

आणि स्वातंत्र्य? जपान्यांनी ते पुढं ढकललं. जुलै १९४२ मध्ये हे सैन्य बरखास्त करून मोजक्या माणसांचं नवं सैन्य काढलं, त्यावर जपानी सल्लागार बसवले. कारभाराला बा मॉ या जुन्या मुरलेल्या वकील पुढाऱ्याला आणलं. १ ऑगस्ट १९४३ ला समारंभपूर्वक ‘स्वातंत्र्य’ जाहीर झालं. बा मॉ राष्ट्रप्रमुख, अठ्ठावीस वर्षांचा आंग सान युद्धमंत्री. त्याच दिवशी या स्वतंत्र देशानं इंग्लंड-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. सोहळ्याला सुभाषबाबूही हजर होते.

कागदावर सगळं झकास. झेंडा आपला, मंत्री आपले. पण रस्त्यावर जपानी शिपाई मंत्र्याच्या माणसालाही थोबाडीत मारू शकत होता. केम्पेताई, म्हणजे जपानी लष्करी पोलीस, कुणाला कधी उचलून नेतील याचा नेम नव्हता. युद्धाआधी जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा हा देश. आता जहाजंच नाहीत म्हटल्यावर शेतकऱ्याचा तांदूळ घ्यायला कुणी उरलं नाही, आणि अंगावर घालायला कापड मिळेना. तिकडं बंगालच्या दुष्काळात ब्रह्मी तांदळाची वाट बंद झाली त्याचाही वाटा होता. जपाननं छापलेल्या नोटा अखेर रद्दीच्या किमतीला आल्या. सयामला जोडणाऱ्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेसाठी गावागावातून मजूर नेले. ‘घामाची सेना’ असं गोंडस नाव होतं त्याला. या रेल्वेवर बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले हे सिनेमामुळं जगाला माहीत आहे. ब्रह्मी, मलायी, तमिळ मजूर त्याच्या कितीतरी पट मेले, त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही.

आता मुद्द्याचं. उठाव एकट्या सैन्यानं ठरवला नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये एक गुप्त आघाडी तयार झाली. तिच्यात आंग सानचे सैनिक होते. जपान्यांपासून लपून खेड्यांत संघटना बांधणारा कम्युनिस्ट थाकिन सो होता. दिवसा बा मॉच्या मंत्रिमंडळात बसणारा थान तुन होता. समाजवादी होते. कारेन पुढाऱ्यांनाही जवळ आणायचा प्रयत्न झाला. गावातला शेतकरी, निरोप पोचवणारा पोरगा, धान्य लपवणारी बाई, हे सगळे त्यात आले.

मार्च १९४५. जनरल स्लिमची चौदावी सेना, जिच्यात बहुसंख्य जवान आपले भारतीय होते, मेइक्टिलात घुसली, मंडाले घेतलं. १७ मार्चला रंगूनमध्ये आंग सानच्या सैन्याचं संचलन झालं. जपानी अधिकाऱ्यांनी निरोप दिला, कारण हे सैन्य इंग्रजांशी लढायला निघालंय असा त्यांचा समज. दहा दिवसांनी, २७ मार्चला, सुमारे दहा हजारांचं हे सैन्य जपान्यांवरच उलटलं. आझाद हिंद सेनेशी मात्र लढायचं नाही असं आपसात ठरलेलं होतं. १९४६ मध्ये रंगूनला शरदचंद्र बोस आले तेव्हा आंग साननंच ते जाहीर सभेत सांगितलं.

मे महिन्यात आंग सान स्लिमला भेटायला गेला, तोही जपानी मेजर जनरलच्या गणवेशात. स्लिमनं टोमणा मारला की आम्ही जिंकतोय म्हणून आलास. आंग सान सरळ म्हणाला, तुम्ही हरत असता तर येऊन काय उपयोग होता? स्लिमला हा प्रामाणिकपणा आवडला. इंग्रज मुलकी अधिकाऱ्यांना त्याला देशद्रोही म्हणून खटल्यात उभं करायचं होतं, पण माउंटबॅटननं त्याच्याशी जुळवून घेतलं. जानेवारी १९४७ मध्ये लंडनला ॲटलींशी करार झाला. १९ जुलै १९४७ ला भर बैठकीत आंग सान आणि सहकाऱ्यांचा खून झाला. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा तो नव्हता.

आंग सान गद्दार की देशभक्त, यावर कॉमेंटमध्ये भांडू नका. दोन धनदांडग्यांच्या मारामारीत सापडलेल्या छोट्या देशाचा माणूस जे करू शकत होता ते त्यानं केलं. माझा प्रश्न तारखेचा आहे.

सुरुवातीला २७ मार्चचं नाव होतं प्रतिकार दिन. प्रतिकार सगळ्यांनी केलेला, म्हणून दिवस सगळ्यांचा. १९५० च्या दशकात त्याचा लष्कर दिन झाला. नाव बदललं आणि बाकीचे गळाले. कम्युनिस्ट गळाले, कारण स्वातंत्र्यानंतर ते बंडखोर ठरले होते. कारेन गळाले; त्यांच्या टोळ्यांनी एप्रिल १९४५ मध्ये टौंगूकडं निघालेल्या जपानी फौजेला डोंगरात अडवून धरलं होतं, तरी. खेड्यातली ती निनावी माणसं तर कधी मोजलीच नव्हती. उरलं एकच वाक्य : देश लष्करानं सोडवला. देश आम्ही सोडवला म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं, म्हणून देश आमचा. १९६२ मध्ये ने विननं सत्ता घेतली, ती याच हिशेबानं. १ फेब्रुवारी २०२१ ला आंग सानच्या मुलीला, आंग सान सू ची यांना, तिच्या वडिलांनी उभारलेल्या लष्करानंच कैद केलं.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. हुतात्मा स्मारकाचा कार्यक्रम असला की पाटीवर कुणाचं नाव आधी, बातमीत कुणाचा फोटो, यावरून रात्री अकरापर्यंत फोन येतात. पूर्वी हसायचो. आता हसत नाही. पाटीवरून नाव पुसणं ही हक्क पुसण्याची पहिली पायरी असते. ब्रह्मदेशात ती पायरी सत्तर वर्षांपूर्वी ओलांडली गेली, किंमत तिथली पोरं आजही देतायत.

तुमच्या गावात बेचाळीसच्या चळवळीत असलेलं पण कुठल्याच पाटीवर नसलेलं कुणी माहीत असेल, तर खाली जरूर लिहा. वाचतोय.