टर्मिनलवरील आगंतुक सूचना आणि त्यांचा बंदोबस्त

बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या नोव्हेंबर 1971 मधील पहिल्याच मार्गदर्शिकेत दुसऱ्याच्या टर्मिनलवर थेट मजकूर पाठवणारी ‘राइट’ ही आज्ञा जशी आढळते, तशीच तो मजकूर अडवणारी ‘मेस्ग’ ही आज्ञाही आढळते. त्या काळी टर्मिनल म्हणजे बहुधा सेकंदाला दहा अक्षरे कागदावर उमटवणारे टेलिटाइप यंत्र असे. मध्येच आलेला निरोप पुसण्याची सोय नसल्यामुळे मजकुराची पाने मांडणाऱ्या ‘रॉफ’ आणि ‘पीआर’ या आज्ञा, आपली छपाई विस्कटू नये म्हणून, काम चालू असेपर्यंत निरोप परस्पर बंद ठेवत.

युनिक्स प्रत्येक टर्मिनलला फाइलच मानते आणि ‘मेस्ग’ फक्त त्या फाइलवर इतरांना लिहिण्याची असलेली परवानगी काढून घेते. पुढे बर्कली विद्यापीठात एका कुत्र्याच्या नावावरून ओळखली जाणारी ‘बिफ’ ही आज्ञा आली, तेव्हा नव्या टपालाची वर्दी हवी की नको याची खूण म्हणून त्याच फाइलवरील ‘चालवण्याची’ परवानगी वापरण्यात आली. टर्मिनल ही काही चालवण्याची वस्तू नव्हे, त्यामुळे ती जागा रिकामीच पडून होती. क्लृप्ती काहीशी ओबडधोबड, पण चतुर.

तथापि हा सारा बंदोबस्त माणसांच्या निरोपांपुरता होता. 1980 च्या दशकात एरिक ऑलमन यांनी टपाल पोहोचवणाऱ्या ‘सेंडमेल’साठी ‘सिसलॉग’ ही नोंदव्यवस्था रचली. तीत प्रत्येक नोंदीला आठांपैकी एक निकडीची पातळी मिळते आणि सर्वोच्च, म्हणजे ‘आणीबाणी’च्या, नोंदी प्रणालीत दाखल असलेल्या सर्वांच्या टर्मिनलवर धाडण्याचा प्रघात पडला. सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्याच्या नावे चालणाऱ्या या सेवेला टर्मिनलवरील परवानगीचा अटकाव होत नाही. 1995 मध्ये फिनलंडमध्ये जन्मलेल्या ‘एसएसएच’ने दूरस्थ सत्रातील मजकूर कूटबद्ध केला, तरी दूरच्या यंत्रावर सत्रासाठी उघडणारे आभासी टर्मिनल हीही फाइलच असल्याने या सूचना तेथेही अवतरल्या. नेटवर्कचा एखादा जोड मोकळा होण्याची वाट पाहत असल्याची, युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालीच्या गाभ्याची तक्रार हे त्याचे ठळक उदाहरण: ती आणीबाणीच्या पातळीवर नोंदली जाते, दर दहा सेकंदांनी पुन्हा येते आणि अर्धवट टंकलेल्या आज्ञेच्या मधोमध उमटते. निकड ठरवणाऱ्याला वाचणाऱ्याचा विचार क्वचितच असतो. त्यामुळे व्यवस्थापकांना उगमाकडेच वळावे लागले: सिसलॉगच्या मांडणीतील ‘सर्वांना’ पाठवणारी ओळ वगळायची, किंवा नव्या लिनक्समध्ये नोंदी सांभाळणाऱ्या ‘जर्नल्ड’ सेवेची ‘फॉरवर्ड टू वॉल’ ही निवड बंद करायची, नोंद मात्र नोंदवहीत पूर्ववत जमा होत राहते.