मालकी आणि वहिवाट

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आमच्या वाचकांच्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू लंबगोल असतो. तो बहुतेक वेळ हातांत धरून पळवावयाचा किंवा दूर फेंकावयाचा असतो, आणि पायाचें काम त्यांत अगदीं थोडें. डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर चिलखतासारखी गादी चढवून अकरा अकरा धिप्पाड पुरुष एकमेकांवर तुटून पडतात आणि दर खेपेस चार-दोन हात जमीन जिंकतात किंवा गमावतात. या खेळाचे बारकावे सांगण्याचा येथें उद्देश नाहीं. ज्या एका हंगामाची हकीकत आम्ही सांगणार आहों, त्यांत खेळणारांपेक्षां पाहणारांचें वर्तनच अधिक विचार करण्यासारखें आहे. तो हंगाम १९९५ चा, आणि ते पाहणारे म्हणजे ओहायओ राज्यांतील क्लीव्हलंड शहरचे रहिवासी.

क्लीव्हलंड हें ईरी सरोवराच्या दक्षिण कांठीं वसलेलें, पोलाद व यंत्रें यांवर पोसलेलें शहर. तेथें १९४६ सालीं एक धंदेवाईक संघ निघाला. पॉल ब्राउन नांवाचा कडक शिस्तीचा गृहस्थ त्याचा पहिला प्रशिक्षक; त्याच्याच आडनांवावरून संघास ‘ब्राउन्स’ म्हणूं लागले. नवीनच निघालेल्या एका स्पर्धेंत हा संघ चार वर्षें खेळला व चारहि वर्षें अजिंक्य ठरला. १९५० सालीं जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्यें त्यास प्रवेश मिळाला, तेव्हां तेथील जाणते लोक आतां या पोरांची खोड मोडेल म्हणून वाट पाहत बसले. खोड मोडली ती जाणत्यांचीच. त्या वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं अंतिम सामन्याचीं शेवटचीं अठ्ठावीस सेकंदें उरलीं असतां लू ग्रोझा यानें मारलेल्या लाथेवर ब्राउन्स ३० विरुद्ध २८ गुणांनीं जिंकले. पुढें १९५४, १९५५ आणि १९६४ सालींहि विजेतेपद त्यांच्याकडे आलें. मॅरियन मॉटली व बिल विलिस या दोघां कृष्णवर्णीय खेळाडूंस या संघानें १९४६ सालींच घेतलें होतें. जॅकी रॉबिन्सननें बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडली ती त्यानंतर एका वर्षानें. पण गाजलें तें बेसबॉलचें, आणि फुटबॉलचें मागें पडलें.

१९६४ नंतर विजेतेपद आलें नाहीं, आणि शहराचीहि कळा उतरत गेली. गिरण्या बंद पडल्या. १९५० सालीं नऊ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १९९० सालीं पांच लाखांवर आली. १९६९ सालीं कायाहोगा नदीच्या तेलकट पाण्यास आग लागली, आणि १९७८ च्या डिसेंबरांत नगरपालिकेस कर्जाची फेड करतां आली नाहीं. अशा शहरांत नोकरी गेलेल्या मनुष्यास आपण अमुक गांवचे असें अभिमानानें सांगावयास फारसें कांहीं उरत नाहीं. क्लीव्हलंडकरांस रविवार उरला होता. संघाचे स्वतःच्या मैदानावरील सामने वर्षांतून अवघे आठ. परंतु बापानें लेकास हाताला धरून न्यावें, त्यानें पुढें आपल्या लेकास न्यावें, आणि बसण्याच्या जागा जणूं घरच्या असाव्या, असें पन्नास वर्षें चाललें होतें.

त्या जागांपैकीं सर्वांत स्वस्त जागा मैदानाच्या पूर्व टोकास, पाठ नसलेल्या लांकडी बाकांवर होत्या. १९८५ च्या सुमारास हॅनफोर्ड डिक्सन व फ्रँक मिनिफील्ड हे दोन खेळाडू आपल्याच सोबत्यांस चेव आणण्यासाठीं कुत्र्यासारखे भुंकूं लागले. तें पाहून पूर्वेकडील बाकांवरचे लोकहि भुंकूं लागले, कुत्र्याचे मुखवटे घालूं लागले, आणि प्रतिपक्षावर कुत्र्यांचीं बिस्किटें फेंकूं लागले. त्या भागास ‘डॉग पाउंड’, म्हणजे कुत्र्यांचा कोंडवाडा, असें नांव पडलें. हा प्रकार सुसंस्कृत होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्यांस आठवडाभर कोणी विचारीत नाहीं अशांनीं आठवड्यांतून एकदां मनसोक्त भुंकून घेतलें, तर त्यांत नाक मुरडण्यासारखें तरी काय आहे?

दैव मात्र त्यांच्या बाजूस नव्हतें. १९८७ च्या जानेवारींत अंतिम सामना एका पावलावर आला असतां डेन्व्हरचा जॉन एल्वे यानें शेवटच्या मिनिटांत जवळजवळ सबंध मैदान, म्हणजे अठ्ठ्याण्णव यार्ड, तुडवून बरोबरी साधली आणि पुढें जादा वेळांत सामना हिरावून नेला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, पुन्हां डेन्व्हरशींच गांठ पडली असतां, अर्नेस्ट बायनर हा क्लीव्हलंडचा गडी चेंडू घेऊन सीमारेषेच्या अगदीं तोंडाशीं पोंचला, आणि तेथें त्याच्या हातून चेंडू निसटला. तो दिवसभर उत्तम खेळला होता हें कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. निसटलेला चेंडू तेवढा राहिला. बायनरचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें आहे.

आतां मालकाविषयीं. आर्ट मॉडेल यानें १९६१ सालीं सुमारें चाळीस लक्ष डॉलरांस हा संघ विकत घेतला, आणि दोनच वर्षांत ज्याच्या नांवानें संघ चाले त्या पॉल ब्राउनला काढून टाकलें. तरीहि चौतीस वर्षें तो क्लीव्हलंडांत राहिला व शहराच्या पुष्कळ धर्मकृत्यांस त्यानें हातभार लावला, हें न सांगणें अन्यायाचें होईल. १९३१ सालीं उघडलेलें, ऐंशी हजार माणसें मावतील एवढें विशाल म्युनिसिपल स्टेडियम शहराच्या मालकीचें होतें. तें मॉडेलनें चालवावयास घेतलें, आणि बेसबॉलचा संघ तेथें खेळे त्याचें भाडें त्याला मिळे. १९९४ सालीं सार्वजनिक पैशाच्या मदतीनें बेसबॉलसाठीं नवें मैदान व बास्केटबॉलसाठीं नवें क्रीडागृह उभें राहिलें. मॉडेलच्या वांट्यास आलें रिकामें पडलेलें जुनें स्टेडियम आणि अंगावरचें कर्ज. त्याची तक्रार खोटी नव्हती. तिच्यावर त्यानें काढलेला उपाय मात्र अघोरी होता.

१९९५ चा हंगाम सुरू झाला तो मोठ्या आशेनें. आदल्या वर्षीं सोळांपैकीं अकरा सामने जिंकून संघ बाद फेरींत पोंचला होता, आणि बिल बेलिचिक या प्रशिक्षकाची घडी आतां बसली असें लोकांस वाटत होतें. पहिल्या चार सामन्यांत तीन विजय मिळाले; नंतर गाडी अडखळूं लागली. मैदानाचा प्रश्न हंगाम संपेपर्यंत काढूं नये असें मॉडेलनेंच जाहीर केलें होतें, म्हणून लोक निर्धास्त होते. ऑक्टोबर संपतां संपतां त्यानें बाल्टिमोरशीं गुप्त करार करून टाकला. कुणकुण लागली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत. ५ तारखेस ह्यूस्टनच्या संघाकडून ३७ विरुद्ध १० असा घरच्या मैदानांतच पराभव झाला, आणि दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं, बाल्टिमोर येथें उघड्या मंडपांत मॉडेलनें संघ तिकडे नेत असल्याचें सांगितलें. तिकडे राज्याच्या पैशानें नवें मैदान बांधून मिळावयाचें होतें, तेंहि बिनभाड्यानें.

त्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे मंगळवारीं, क्लीव्हलंडांत एक मतदान आधींच ठरलेलें होतें. दारू व सिगारेट यांवरील कर पुढें चालू ठेवून जुन्या स्टेडियमची दुरुस्ती करावी कीं काय, हा प्रश्न. ज्या संघासाठीं दुरुस्ती करावयाची तो तर चालला! लोक रागानें घरीं बसले असते तर त्यांस कोणी दोष दिला नसता. ते गेले, रांगेंत उभे राहिले, आणि मोठ्या बहुमतानें त्यांनीं स्वतःवर कर बसवून घेतला. त्या हंगामांतील प्रेक्षकांच्या साऱ्या कृत्यांत आम्हांस हें कृत्य अत्यंत थोर वाटतें. आरडाओरड कोणीहि करतो. जातां जातां भाडेकरूच्या खोलीचें छप्पर पदरच्या पैशानें शाकारून देण्याची तयारी फार थोडे दाखवितात.

मग दावे सुरू झाले. येथें कायद्याची मौज पाहण्यासारखी आहे. शहराच्या हातीं एकच कागद होता, तो भाडेपट्ट्याचा. १९९८ अखेर संघानें याच मैदानांत खेळावें अशी त्यांत अट होती, आणि तिच्या बळावर न्यायालयाकडून मनाई-हुकूम मिळाला. म्हणजे न्यायासनापुढें क्लीव्हलंड उभें राहिलें तें भाडेकरू मुदतीपूर्वीं निघून जातो अशी फिर्याद करणारा घरमालक म्हणून. पन्नास वर्षें भुंकून, थंडींत गारठून, हरल्यावर मुकाट्यानें ट्रामगाडींत बसून लोकांनीं जी वहिवाट मिळविली होती, तिचा दस्तऐवज कोठेंच नव्हता. तिची साक्ष त्यांनीं निराळ्या रीतीनें दिली. लीगच्या कचेरींत तक्रारींचा एवढा पाऊस पाडला कीं फॅक्स-यंत्रें तुंबलीं, मोर्चे निघाले, परगांवच्या मैदानांवरहि क्लीव्हलंडकर फलक घेऊन उभे राहिले. इकडे संघ ओळीनें हरत गेला. खेळाडूंचें चित्त ठिकाणावर नव्हतें, आणि तें असावें अशी अपेक्षा तरी कोणीं करावी?

१७ डिसेंबरच्या रविवारीं घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना सिन्सिनाटीशीं झाला. मैदान पूर्ण भरलें नव्हतें. तरी पन्नास हजारांवर माणसें जमलीं होतीं. जाहिरातदारांनीं आपलीं नांवें काढून घेतल्यामुळें फलक ओकेबोके दिसत होते. लोकांनीं येतांना कपड्यांत लपवून करवती, पाने व हातोडे आणले होते, आणि सामना चालू असतांच बाकांवर घाव पडूं लागले. कित्येकांनीं आपली नेहमींची जागा तेवढी खुर्चीसकट उपटून घरीं नेली. कोंडवाड्यांतील लोकांनीं सबंध बाकेंच्या बाकें मैदानांत लोटलीं, तेव्हां शेवटच्या भागांत पंचांस खेळ दुसऱ्या टोकाकडे वळवावा लागला. ही नासधूस होती यांत शंका नाहीं. पण घर पाडलें जाणार हें कळल्यावर देव्हाऱ्याची फळी उचलून नेणाऱ्या मनुष्यास चोर म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं.

ब्राउन्सनीं तो सामना २६ विरुद्ध १० असा जिंकला. त्या दिवशीं चेंडू घेऊन शंभर यार्डांहून अधिक धांवला तो अर्नेस्ट बायनर. मधलीं कांहीं वर्षें दुसरीकडे काढून तो परत आला होता. सामना संपल्यावर खेळाडू आंत गेले नाहींत. ते पूर्वेच्या बाकांकडे गेले. बायनर कठड्याच्या कडेकडेनें हात मिळवीत फिरला, लोक त्याला मिठ्या मारीत होते, आणि दोन्हीकडचे डोळे ओले होते. आठ वर्षांपूर्वीं निसटलेल्या चेंडूचा तेथें कोणी उच्चार केला असेल असें वाटत नाहीं. हंगामाची बेरीज पांच विजय व अकरा पराभव अशी झाली.

१९९६ च्या फेब्रुवारींत तडजोड झाली. मॉडेलनें खेळाडू न्यावे. परंतु ‘ब्राउन्स’ हें नांव, तपकिरी व नारिंगी हे रंग, पारितोषिकें आणि १९४६ पासूनचा साऱ्या सामन्यांचा इतिहास क्लीव्हलंडांतच राहावा. आणि १९९९ पर्यंत लीगनें तेथें पुन्हां संघ उभा करावा. मालकांच्या सभेंत स्थलांतरास संमति मिळाली, तेव्हां विरुद्ध मत देणारे दोनच निघाले, बफेलो आणि पिट्सबर्ग. यांतील पिट्सबर्ग म्हणजे क्लीव्हलंडचा पिढीजात वैरी. वैऱ्यासहि वैरी लागतो, हें त्यानें ओळखलें होतें.

या निवाड्याचा अर्थ मराठी वाचकांस लवकर उमजेल. सरदार गेले, फौज गेली, गादी राहिली. हाडामांसाचा जो संघ डिसेंबरांत कोंडवाड्यापुढें रडला, तो लीगच्या दप्तरीं बाल्टिमोरचा १९९६ सालीं जन्मलेला नवा संघ ठरला. आणि १९५० मधील ग्रोझाची ती लाथ जेथें तीन वर्षें एकहि खेळाडू नव्हता त्या शहराच्या खात्यांत राहिली. बाल्टिमोरची कथाहि कमी करुण नाहीं. १९८४ च्या मार्च महिन्यांतील एका रात्रीं त्यांचा कोल्ट्स हा संघ मालकानें ट्रकांत घालून इंडियानापोलिसला पळविला होता, नांवासकट. त्यानंतर बारा वर्षें त्या संघाचें वाद्यपथक संघावांचूनच वाजत राहिलें. अशा लोकांस दुसऱ्याचा संघ देऊन गप्प करण्यांत आलें, आणि त्यांनीं तो घेतला. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. मात्र क्लीव्हलंडनें जें मिळविलें तें त्यांस मिळालें नव्हतें. आमच्याकडेहि क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमध्यें पुण्याच्या नांवाचे दोन संघ होऊन गेले. पहिला २०१३ सालीं व दुसरा २०१७ सालीं संपला. त्यासाठीं पुण्यांत कोणीं खुर्ची उपटल्याचें ऐकिवांत नाहीं. वहिवाट दोन-तीन वर्षांत होत नसते.

जुनें स्टेडियम १९९६ च्या अखेरीस पाडावयास घेतलें, आणि त्याच्या काँक्रीटचे ढीग माशांस आसरा म्हणून ईरी सरोवरांत टाकण्यांत आले. त्याच वर्षीं ओहायओ राज्यानें कायदा केला कीं, सार्वजनिक पैशाच्या मैदानावर खेळणाऱ्या संघास हलावयाचें असल्यास मालकानें सहा महिने आधीं सूचना द्यावी व स्थानिक लोकांस तो विकत घेण्याची संधि द्यावी. लोकांच्या तोंडीं तो कायदा मॉडेलच्याच नांवानें चालतो. मॉडेलच्या बाल्टिमोरकर संघानें २००१ च्या जानेवारींत अखिल अमेरिकेचें विजेतेपद मिळविलें. तो स्वतः क्लीव्हलंडास पुन्हां कधीं आला नाहीं. २०१२ च्या सप्टेंबरांत तो वारला, तेव्हां क्लीव्हलंडच्या मैदानांत त्याच्यासाठीं शोकाची घोषणा करूं नये, अशी त्याच्या घरच्यांनींच विनंति केली.

१९९९ च्या १२ सप्टेंबरास त्याच जागीं उभारलेल्या नव्या मैदानांत ब्राउन्स परत आले, आणि पिट्सबर्गनें त्यांस ४३ विरुद्ध शून्य असें झोडपलें. पुढचीं वर्षें बहुतेक याच मासल्याचीं. २०१७ च्या हंगामांत तर सोळांपैकीं सोळाहि सामने हरण्याचा पराक्रम झाला. ६ जानेवारी २०१८ रोजीं, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, कांहीं हजार क्लीव्हलंडकर मैदानाबाहेर जमले, भुकेल्यांच्या अन्नछत्रासाठीं त्यांनीं पैसे गोळा केले, आणि शून्याचा आंकडा पुरा व्हावा म्हणून मैदानाभोंवतीं वर्तुळाकार मिरवणूक काढली.