वर्तनाची साक्ष : महाराष्ट्रातील ख्रिस्ती जनांच्या इतिहासातून काही बोध

धर्म जगापुढे दोन मार्गांनी मांडला जातो. एक वाणीने व दुसरा वर्तनाने. वाणीचा मार्ग धर्मगुरूंस, उपदेशकांस व ग्रंथकारांस मोकळा आहे. परंतु वर्तनाचा मार्ग नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यास, चूल पेटविणाऱ्या माउलीस, शाळेतील शिक्षकास व कारखान्यातील कामगारासही तितकाच मोकळा आहे. महोत्सवाच्या प्रसंगी आपण मागील वर्षांचा हिशेब मांडतो. किती स्नानसंस्कार झाले, किती विवाह लागले, मंदिराची भिंत कोणत्या साली उभी राहिली, घंटा कोणी अर्पण केली, हे सर्व धर्मग्रामाच्या वह्यांत सापडते आणि ते स्मरणे योग्यच आहे. तथापि एक हिशेब असा आहे की, तो आपल्या कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो; तो शेजाऱ्याच्या मनात लिहिलेला असतो. त्या हिशेबाकडे इतिहासाच्या साहाय्याने वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाळुंगे पडवळ, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या टापूत आपण ख्रिस्ती लोक संख्येने अत्यल्प आहो. एका बाजूस भीमाशंकर, दुसऱ्या बाजूस लेण्याद्री व ओझर, मध्ये शिवनेरी. अशा भक्तिभावाने व पराक्रमाने पुनीत झालेल्या भूमीत आपली वस्ती आहे. येथील शंभर माणसांपैकी नव्याण्णवांनी शुभवर्तमानाचे पुस्तक उघडलेले नसेल. परंतु ख्रिस्ती म्हणविणारा एखादा मनुष्य मात्र त्यांनी बाजारात, बांधावर किंवा एस.टी.च्या थांब्यावर पाहिला असेल. त्यांच्या दृष्टीने तोच मनुष्य हे आपले शुभवर्तमान होय. मजकूर शुद्ध असला आणि अक्षर गिचमीड असले, तर वाचणारा पुस्तक मिटून ठेवतो, हे कोणास सांगावयास नको.

निष्ठा कृतीत उतरते म्हणजे काय होते, हे पाहण्यास या गावच्या लोकांस दूर जावे लागत नाही. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचा जन्म इ. स. १९०८ मध्ये महाळुंगे पडवळ येथेच एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. पोटासाठी ते मुंबईच्या कापडगिरणीत राबले. ते पुढारी नव्हते, वक्ते नव्हते, पंडितही नव्हते. दिनांक १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाची मालमोटार अडविताना तिच्या चाकाखाली त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ज्या गोष्टीवर मनुष्याचा खरा विश्वास असतो तिच्यासाठी तो आपले अंग पुढे करतो, हे सत्य त्यांनी आपल्या शेजारीच सिद्ध करून ठेविले आहे. संत याकोबाने आपल्या पत्रात विश्वास व कृती यांची जी सांगड घातली, तिचे मर्म या गावच्या मातीस परके नाही.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मलेले पहिले संत म्हणजे वसईचे गोन्सालो गार्सिया. इ. स. १५५६ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला; वडील पोर्तुगीज व आई कोकणातली. तारुण्यात ते येशूसंघीय धर्मगुरूंच्या सोबत जपानला गेले व तेथील भाषा शिकून धर्मशिक्षकाचे काम करू लागले. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. तेव्हा त्यांनी व्यापार मांडला आणि पुढे मनिला येथे संत फ्रान्सिसच्या संघात ते साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांस कधीच मिळाली नाही. वेदी त्यांची नव्हती, प्रवचनपीठही त्यांचे नव्हते. दुसऱ्यांचे बोलणे प्रामाणिकपणे पोहोचविणाऱ्या दुभाष्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. दिनांक ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. इ. स. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. धर्मशिक्षक, व्यापारी, दुभाषी, सेवक असा हा क्रम पाहिला म्हणजे लक्षात येते की, आमच्या पहिल्या संताचे जीवन बहुतांशी प्रापंचिक मनुष्याच्या उद्योगातच गेले.

यानंतरचा काळ सांगताना सत्य झाकून ठेवणे इतिहासकाराच्या व धर्मगुरूच्याही कर्तव्यास सोडून होईल. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि या किनाऱ्यावर क्रूस व तलवार ही दोन्ही एकाच गलबतातून उतरली. कित्येक थोर पुरुषांनी प्रेमाने सेवा केली. येथील भाषेवर जीव लावणाऱ्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, हे त्याचे उत्तम उदाहरण होय. परंतु त्याच राज्यात देवळे पाडली गेली, इन्क्विझिशनचा जाच झाला, आणि शेजाऱ्यांच्या मनात कटुता राहिली, हेही तितकेच खरे आहे. म्हणून प्रश्न असा उत्पन्न होतो की, सत्तेच्या आश्रयाने वाढलेला हा धर्म, सत्ता गेल्यावर काय झाला?

त्याचे उत्तर इ. स. १७३९ या वर्षाने दिले. त्या वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. तहाच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. विजयी वीराचे हे औदार्य आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे. पोर्तुगीज अंमलदार, सरदार घराणी व युरोपीय मठवासी गोव्याकडे निघून गेले. मागे राहिले ते शेतकरी, कोळी व कारागीर, आणि त्यांच्याबरोबर थोडेसे देशी धर्मगुरू. राजाश्रय संपला आणि मठांचे वैभव लोपले. आता ख्रिस्ती राहण्यात कोणताही ऐहिक लाभ उरला नव्हता.

तरीही ते राहिले. सायंकाळी घरोघर जपमाळ म्हटली गेली. आईने मुलास क्रुसाची खूण शिकविली. विड्याच्या पानांचे व केळीचे मळे शिंपताना रविवारचा विसावा पाळला गेला. इ. स. १७६० मध्ये आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान मराठ्यांच्या अमलाखालील साष्टीतून गेला, तेव्हा तेथील ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे व निर्धास्तपणे पाळताना पाहून त्यास आश्चर्य वाटले. एकवीस वर्षांपूर्वी जे लोक शत्रूच्या धर्माचे म्हणून ओळखले जात, ते आता निर्भय शेजारी झाले होते. राज्यकर्त्यांची सहिष्णुता हे याचे एक कारण. त्या गरीब कुटुंबांची सरळ वागणूक हे दुसरे कारण होय, असे आम्हास वाटते. जे शेजाऱ्याशी दगाफटका करतात, त्यांचा सण शेजारी फार काळ गोड मानून घेत नाही.

आजही वसईस जाणाऱ्यास एक दृश्य दिसते. किल्ल्याच्या तटाआड बांधलेली भव्य मठमंदिरे छप्परावाचून भग्न उभी आहेत. परंतु पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या बाजूच्या वाड्यांतून घंटा वाजतात व मंदिरे भरतात. जे तटाच्या आश्रयाने राहिले ते ओसाड झाले. जे लोकवस्तीत, मळ्यांच्या मध्ये राहिले ते जगले. यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

याच इतिहासाचे पुढचे पान खुद्द पुण्यात उलगडते. वसई घेणाऱ्या त्याच पेशवाईच्या राजधानीत, त्रेपन्न वर्षांनी, म्हणजे इ. स. १७९२ मध्ये, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी मंदिरास जागा दिली. फौजेतील अधिकारी दों मिगेल दे नोरोन्या यांचा त्यात पुढाकार होता. पुण्याच्या नाना पेठेतील निष्कलंक मातेचे मंदिर, ज्यास लोक सिटी चर्च म्हणतात, ते त्या देणगीतून उभे राहिले. हे लोक वादविवाद जिंकून आलेले पंडित नव्हते. ते चाकरीतील शिपाई होते. धनी आपल्या राजधानीत चाकराच्या देवास जागा देतो, तेव्हा त्या चाकरीवर त्याचा भरवसा असतो, हे उघड आहे. पुणे धर्मप्रांताची स्थापना इ. स. १८८६ मध्ये झाली. परंतु तिच्या आधी चौऱ्याण्णव वर्षे या जिल्ह्यातील आपल्या पहिल्या मंदिराची जागा अशा रीतीने मिळाली होती.

तिसरे उदाहरण आपल्या पूर्वेच्या शेजाऱ्याचे, नगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे आहे. इ. स. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतरच्या काळात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी तेथील खेड्यांत कार्य आरंभिले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. हे धान्यासाठी ख्रिस्ती झाले, धान्य सरले की धर्मही सरेल, अशी कुजबूज त्यांच्या मागे कित्येक वर्षे चालू होती. इ. स. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरूंस सरकारने अटकेत ठेविले व पुढे देशाबाहेर पाठविले. पुण्याचे बिशप हेन्रिक डोरिंग यांसही आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले. मध्यंतरी त्यांस जपानात हिरोशिमा येथे नेमण्यात आले व इ. स. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास आले. म्हणजे मेंढरे होती, मेंढपाळ नव्हते. अशा दिवसांत खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षक, ज्यांस लोक प्रेमाने मास्तर म्हणत, त्यांच्यावर व साध्या कुटुंबांवर धर्माचा भार पडला. तो त्यांनी वाहिला. कुजबूज करणाऱ्यांस त्यांनी शब्दाने उत्तर दिले नाही; ते टिकून राहिले, हेच त्यांचे उत्तर. आज हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस नाना धर्मांचे लोक लोटतात, हे त्या उत्तराचे फळ आहे.

त्याच जिल्ह्यात इ. स. १९४८ मध्ये भारतात आलेले स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी पुढे पाणलोटाचे काम उभारिले. उघडी पडलेली डोंगरउतरणी, पावसाबरोबर वाहून जाणारी माती, उन्हाळ्यात गाव सोडणारी माणसे, हे पाहून त्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याचा मार्ग धरिला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान या अटी गावाने एकमताने मान्य केल्यावाचून काम हाती घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. जुन्नरच्या सीमेस लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत या पद्धतीचे फळ दिसून आले. विहिरीस पाणी आले, ते कोणत्या जातीच्या वा धर्माच्या विहिरीस आले, असे कोणी विचारले नाही. फादर बाखर इ. स. २०२१ मध्ये निवर्तले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा त्यांनी बांधाच्या व चरीच्या रूपाने जमिनीवर लिहून ठेविली.

बंधुभगिनींनो, या सर्व कथांचा मथितार्थ एकच आहे. जेव्हा जेव्हा बाहेरचा आधार गेला, तेव्हा तेव्हा या भूमीत तोच विश्वास उरला, जो रोजच्या वागण्यात मुरला होता. आज आपल्यावर छळ नाही, दुष्काळही तसा नाही. आपली परीक्षा लहान गोष्टींत होत आहे. मंचरच्या बाजारात बटाट्याची गोणी उघडताच वर मोठा व तळाशी किडका माल निघतो काय? नारायणगावी टोमॅटोचा भाव वधारला, तेव्हा तोडणी करणाऱ्या मजुराची मजुरी आपण वाढविली काय, की भाव पडला तेव्हाच त्याची आठवण झाली? कालव्याच्या पाण्याची पाळी शेजाऱ्याची असता, रात्री आपण दार फिरविले काय? उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय असता, रात्रीच्या विजेवर पाणी देण्यास निघालेल्या शेजाऱ्याच्या सोबतीस आपल्यापैकी कोणी कंदील वा विजेरी घेऊन गेले काय? पापनिवेदनाच्या आधी जी आत्मपरीक्षा करावयाची, तिच्यात हे प्रश्न असले पाहिजेत.

एक प्रश्न याहूनही कठीण आहे. ख्रिस्तशरीराच्या पंगतीस आपण एकत्र गुडघे टेकतो. परंतु सोयरीक ठरविताना पूर्वीची जात विचारणारी कुटुंबे आपल्यात अद्याप आहेत. हुंड्याची बोलणी कुजबुजत्या स्वरात अद्याप होतात. वेदीपुढील समता घराच्या उंबरठ्याशी थांबत असेल, तर आपला शेजारी आपल्या धर्माविषयी काय समजेल? तो सभ्यपणाने काही बोलणार नाही. पण वाचील सर्व. हा दोष दुसऱ्याच्या घरात शोधण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घरी शोधावा.

आमची मुलेबाळे चाकण, पुणे, मुंबई येथे कामधंद्यास जात आहेत. तेथे त्यांच्या भोवती धर्मग्रामाचे कुंपण नाही. त्यांच्या शिदोरीत आपण काय बांधून देणार? मंदिराची उंची त्यांच्यासोबत जाणार नाही. बापाने खोटी पावती केली नाही, आईने दारी आलेल्यास विन्मुख पाठविले नाही, ही आठवण मात्र जाईल. वसईच्या मळेकऱ्याने, पेशव्यांच्या शिपायाने व नगरच्या मास्तराने आपल्या वंशजांस हेच धन दिले.

या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक संकल्प करावा: ज्याच्याशी आपला बोलणे-चालणे बंद आहे असा एक शेजारी शोधावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि महोत्सवाचा दिवा विझण्यापूर्वी त्याच्या दारी जावे. हीच आमच्या मते या उत्सवाची खरी आरास होईल. पवित्र मातेच्या मध्यस्थीने व संत गोन्सालो गार्सिया यांच्या प्रार्थनेने परमेश्वर आपणां सर्वांस असे आचरण करण्याचे बळ देवो, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या मनातील ती अदृश्य वही आपल्या नावे सत्कृत्यांनी भरलेली असो.