विमानाच्या टाकीत नेमके काय असते?

अमरावती - बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा धावपट्टीवर उतरलेल्या एटीआर-७२ विमानाच्या पंख्यांमागे टर्बाइन इंजिने होती. अशा इंजिनांना लागणारे इंधन म्हणजे पेट्रोल नव्हे, तर रॉकेलचेच अतिशुद्ध रूप होय.

जेट ए-१ : भारतासह बहुतेक देशांत प्रवासी विमाने याच इंधनावर उडतात. कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनातून सुमारे १५० ते ३०० अंश सेल्सिअस दरम्यान ते वेगळे होते. साधारणतः ८ ते १६ कार्बन अणूंच्या हायड्रोकार्बनचे हे मिश्रण असते. उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये, असा दंडक आहे. अमेरिकेतील जेट ए इंधनासाठी ही मर्यादा उणे ४० अंश आहे. अतिशीत प्रदेशांत रॉकेल व नॅफ्था यांचे मिश्रण असलेले जेट बी वापरले जाते. मात्र ते अधिक ज्वालाग्राही असते.

जेट ए-१ चा ज्वलनांक किमान ३८ अंश असावा लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे लक्षात घेता वऱ्हाडच्या उन्हाळ्यात इंधन भरताना ठिणगीपासूनची दक्षता किती मोलाची, हे स्पष्ट होते.

एव्हगॅस १०० एलएल : पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांसाठी हे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल असते. त्यात टेट्राइथाइल लेड हे विषारी शिशाचे संयुग असते. ओळखण्यासाठी त्याला निळा रंग दिला जातो. पूर्वी भारत ते आयात करीत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातील स्वदेशी उत्पादन बाजारात आणले.

एकाऐवजी दुसरे इंधन भरले गेल्यास अनर्थ ओढवतो. पेट्रोलच्या इंजिनात जेट ए-१ गेल्यास नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर विमान धावपट्टीपर्यंत जाते; उड्डाणानंतर मात्र इंजिन बंद पडू शकते. मिश्रणातही निळी छटा उरू शकते. म्हणून केवळ रंगावर भिस्त न ठेवता टाकीवरील नामपट्टी व इंधनाची पावती तपासली जाते. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातील नमुना काढून पाण्याचा अंशही पाहिला जातो.

सर्वच लहान विमाने पेट्रोलवर चालतात, असेही नाही. बेलोऱ्यातील वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने मागविलेली पायपरची ३१ व डायमंडची ३ विमाने जेट ए-१ वर चालणारी आहेत.

शाश्वत इंधन : वनस्पतिजन्य अल्कोहोल किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासूनही विमान इंधन बनते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेल्या अशा इंधनाच्या मिश्रणावर १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली प्रवासी विमान उडाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पर्यंत १ टक्का व २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे.